आज कोण टाकणार?

३१ ऑक्टोबर २०२४, नरक चतुर्दशी. पहाटे पावणेसहाला न्हाणीघरात बादलीत कढत पाणी पडत होतं आणि ओट्यावर, उटण्याच्या वाटीशेजारी, लॅपटॉपवर न्यूयॉर्कचं मैदान दिसत होतं. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना. बाबा पाटावर बसले होते आणि मी त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळत मान वळवून स्क्रीनकडे बघत होते.

लॉस एंजेलिस डॉजर्सकडून जॅक फ्लॅहर्टी टाकत होता. पहिल्याच इनिंगमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजच्या ॲरन जजने त्याला होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, लगेच पाठोपाठ जॅझ चिझमने मारला. दुसऱ्या इनिंगमध्ये चौथी धाव गेली तसा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स मैदानात चालत आला आणि त्याने चेंडू मागून घेतला. फ्लॅहर्टीने चार जण बाद केले होते आणि चार धावा दिल्या होत्या.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"एवढ्यात? मग आता कोण टाकणार?"

त्या क्षणी मला मनापासून आनंद झाला होता, हे आधीच सांगते. या आनंदाची मी मार्चपासून वाट बघत होते.

मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची. जायंट्स आणि डॉजर्स यांचं वैर न्यूयॉर्कपासूनचं. दोन्ही संघ १९५८ मध्ये एकाच वेळी कॅलिफोर्नियात आले आणि भांडण सोबत घेऊन आले. माझा त्यात शिरकाव २०१० चा. नवऱ्याची ऑनसाइट पोस्टिंग, सनीव्हेलमधलं दोन खोल्यांचं अपार्टमेंट आणि माझा एच-४ व्हिसा. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. पुण्यात आठ वर्षं कॉस्टिंगमध्ये काम केलेली बाई मी, दुपारी अकरानंतर करायला काहीच नसायचं. घर अंगावर यायचं. शेजारच्या एका आजींनी जुना रेडिओ दिला आणि ६८० वर केएनबीआर लावून दिलं. जायंट्सच्या सामन्यांचा समालोचक जॉन मिलर, त्याचा आवाज पहिल्यांदा तिथे ऐकला. लहानपणी बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायचे, त्या दुपारी आठवल्या. खेळ कळत नव्हता, पण कुणीतरी माझ्याशी बोलतंय असं वाटायचं. दोन महिन्यांत खेळही कळायला लागला.

आणि मी शिकले ते पिचिंगमधून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे बघत. आमच्या जायंट्सने २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली ती मुख्यतः पिचरांच्या जोरावर. १३ जून २०१२ ला मॅट केनने ह्यूस्टनचे सत्तावीसच्या सत्तावीस जण ओळीने परत पाठवले, एकही बेसवर पोचला नाही. पर्फेक्ट गेम. मी तो रेडिओवर ऐकला, कणीक मळलेल्या हातांनी, शेवटच्या दोन इनिंग उभ्याने. २०१४ मध्ये सातव्या सामन्यात मॅडिसन बमगार्नर फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर पाचव्या इनिंगला आला आणि शेवटपर्यंत पाच इनिंग त्याने धाव दिली नाही. आम्ही ३-२ जिंकलो. डिसेंबरमध्ये आम्ही कोथरूडला परत आलो, पण माझ्या डोक्यात स्टार्टर म्हटलं की तो माणूस पक्का बसला तो बसलाच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हंगामात १६२ सामने, जवळजवळ रोज एक. सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी, तीन जण बाद झाले की पाळी संपली. सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. एकदा टाकला की त्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते, म्हणून संघ पाच स्टार्टर बाळगतो, त्याला रोटेशन म्हणतात. चांगला स्टार्टर सहा-सात इनिंग खेचतो, पुढच्या इनिंग बुलपेनमधले राखीव पिचर एकेक करून काढतात. स्टार्टर लवकर कोसळला की बुलपेनवर ताण येतो, आणि तो ताण त्या दिवसापुरता राहत नाही, पुढचा अख्खा आठवडा पुरतो.

लॉस एंजेलिसचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू होतात. बाबा अंघोळ करून चहाला येतात आणि विचारतात, "आज कोण टाकणार?" ते स्वतः बोलर होते. शनिवार-रविवारच्या सामन्यांत मॅटिंगवर मध्यमगती टाकायचे, नवा चेंडू त्यांच्याकडे असायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी खांदा गेला. शेकून बघा, तेल लावा, यापलीकडे तेव्हा कुणी काही सांगितलं नाही. आजही वरच्या फडताळातला डबा ते डाव्या हाताने काढतात. त्यामुळे आमच्या घरात बेसबॉल बघणं म्हणजे पिचर बघणं. कोण किती मारतो याचं त्यांना फार कौतुक नाही.

माझ्याकडे एक लांब वही आहे, हिशेबाची, लाल रेघांची. त्यात मी सामने लिहिते. मागच्या पानावर २०२४ च्या मार्चमध्ये मी डॉजर्सच्या स्टार्टरांचा तक्ता आखला होता, कारण त्या हिवाळ्यात त्यांनी पैसा पाण्यासारखा ओतला होता. जपानच्या योशिनोबु यामामोतोला, अमेरिकेत एकही चेंडू टाकायच्या आधी, १२ वर्षांचे ३२.५ कोटी डॉलर. टायलर ग्लासनाऊला १३ कोटींच्या वर, आणि या ग्लासनाऊने तोवर एका हंगामात १२० च्या वर इनिंग कधीच टाकल्या नव्हत्या. २०२१ मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रियाही झालेली. कॉस्टिंगवाल्या माणसाला हे आकडे बघून झोप येत नाही. काचेचा माल, तोही सोन्याच्या भावाने.

यामामोतोचा पहिला सामना सोलमध्ये झाला, आपल्याकडे भर दुपारी. एक इनिंग, पाच धावा. मी बाबांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "ॲक्शन बघ आधी. धावा काय, पहिल्या दिवशी कुणालाही पडतात." मी ॲक्शन बघितली नाही, वहीत पाच लिहिलं.

मग तक्ता भरत गेला. जूनमध्ये यामामोतोचा खांदा, सप्टेंबरपर्यंत बाहेर. ऑगस्टमध्ये ग्लासनाऊचं कोपर, हंगाम संपला. वर्षभर टिकेल असं वाटलेला गॅव्हिन स्टोन, सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचाही खांदा. क्लेटन कर्शॉ खांद्याच्या शस्त्रक्रियेतून जुलैत परतला आणि महिनाभरात पायाच्या अंगठ्याने बसला. वॉकर ब्यूलर दुसऱ्या कोपर-शस्त्रक्रियेनंतर परतला तो ओळखू येईना, एक विजय, सहा पराभव. टोनी गोन्सोलिन आणि एमेट शीहन दोघंही शस्त्रक्रियेनंतर घरी. शोहेई ओतानी बॅटिंग करत होता, पण कोपरामुळे वर्षभर चेंडू हातात घेणार नव्हता.

या कोपराच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन म्हणतात. टॉमी जॉन हा डॉजर्सचाच पिचर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या कोपरातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवला. तोवर हे झालं की पिचर संपला असंच धरायचे. तो १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ स्वतःचा खांदा दाबत बसले. "चौऱ्याहत्तर," एवढंच म्हणाले. त्यांचाही खांदा साधारण त्याच सुमारास गेला होता.

त्या वर्षीच्या एका नोंदीबद्दल लिहायलाच हवं. रिव्हर रायन नावाच्या मुलाने जुलैमध्ये आमच्याविरुद्धच पदार्पण केलं. इतकं सुंदर टाकलं की मी चिडले. ऑगस्टमध्ये बातमी आली, कोपर गेलं, शस्त्रक्रिया. मी वही उघडून नावावर फुली मारली. बाबा समोर शेंगा सोलत होते.

"वय काय त्याचं?"

"पंचवीस."

"किती सामने झाले?"

"चार."

त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा वर करून पान बघितलं आणि परत माझ्याकडे सरकवली. "फुली मारू नकोस गं. तारीख लिही." त्यानंतर मी कुणाच्याच नावावर फुली मारली नाही. समोरच्या संघाचा पिचर हरावा असं मला आजही वाटतं. त्याचा हात तुटावा असं वाटून घ्यायचं मात्र मी त्या दिवशी थांबवलं.

इतके हात का तुटतात? पूर्वी स्टार्टर दम राखून टाकायचा, नऊ इनिंगचा हिशेब मनात ठेवून. आता प्रत्येक चेंडू सगळा जीव लावून टाकायचा, जितका वेग तितका, जितकी फिरकी तितकी. एकाच फलंदाजासमोर तिसऱ्यांदा आलं की पिचर मार खातो हे आकड्यांनी दाखवून दिल्यापासून त्याला तशीही पाच-सहा इनिंगच्या पुढे कुणी ठेवत नाही. मग तो दम कशासाठी राखेल? डॉजर्सने हे ओळखलं. दहा-बारा तयार हात गोळा करायचे, त्यातले अर्धे मोडतील हे धरून चालायचं, ऑक्टोबरमध्ये जे उभे असतील त्यांनी टाकायचं. त्या हंगामात डॉजर्सकडून एकाही पिचरच्या १६२ इनिंग भरल्या नाहीत. सर्वांत जास्त स्टोनच्या, १४० च्या थोड्या वर. आमच्या लोगन वेबने एकट्याने २०४ टाकल्या, न कुरकुरता, दर पाचव्या दिवशी. डॉजर्स ९८ सामने जिंकले, आम्ही ८०.

हा अन्याय आहे असं मला वाटतं. तुटक्या-फुटक्या पिचिंगचं पाप ऑक्टोबरमध्ये उघडं पडेलच, असं मी स्वतःला समजावत राहिले.

आपल्याकडे ऑक्टोबरचं बेसबॉल म्हणजे पहाटेचं बेसबॉल, आणि नेमका सणांचा महिना. नवरात्रात सॅन डिएगोने डॉजर्सला २-१ असं कोंडीत पकडलं होतं. आणखी एक हरले की घरी. चौथ्या सामन्याला टाकायला डॉजर्सकडे स्टार्टरच नव्हता. मी सकाळी साडेसहाला वही घेऊन बसले ती त्यांचा निकाल लिहायलाच. त्यांनी आठ पिचर वापरले. कुणी एक इनिंग, कुणी थोडी जास्त. सॅन डिएगोची एकही धाव झाली नाही. ८-०.

माझं आजोळ शिरवळच्या जवळ. तिथे देवळात अखंड हरिनाम सप्ताह असायचा. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. पहाऱ्याचा माणूस गळ्यात वीणा घेऊन उभा, तास-दोन तास, रात्री-अपरात्री. मग दुसरा येतो, पाया पडतो, पहिल्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि तार वाजतच राहते. मोठा कीर्तनकार येवो न येवो, पहारा मोडत नाही. त्या सकाळी पाचवा पिचर येताना मला ते देऊळ आठवलं, आणि मला भीती वाटली. मी कीर्तनकार मोजत बसले होते. त्यांच्याकडे पहारा होता.

दसऱ्याच्या पहाटे, मी झेंडूचं तोरण ओवत असताना, यामामोतोने पाच इनिंग धाव दिली नाही आणि २-० ने सॅन डिएगो घरी गेलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्याची ॲक्शन बघितली. पाय फार उचलत नाही, खांदा शेवटपर्यंत उघडत नाही. बाबा काही बोलले नाहीत.

पुढे २६ ऑक्टोबरचा शनिवार. सकाळी नऊच्या सुमारास डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने दहाव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारून वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना जिंकून दिला. लगेच आम्ही टीव्हीवर गहुंज्याची कसोटी लावली, तिसरा दिवस. न्यूझीलंडचा मिचेल सँटनर एका टोकाकडून टाकतच राहिला आणि सामन्यात १३ बळी घेऊन गेला. आपण ११३ धावांनी हरलो, बारा वर्षांत पहिल्यांदा घरची मालिका गेली. वाईट वाटलंच. पण बाबा म्हणाले, "आपले हरले, पण असा स्पेल बघायला मिळाला." पुढच्या मुंबई कसोटीत सँटनर खेळू शकला नाही, कुशीतला स्नायू दुखावला होता. एका माणसाने भार उचलला की किंमतही त्याचंच शरीर देतं. हे बाबांना कुणी सांगायला नको.

तर, नरक चतुर्दशी. तिसऱ्या इनिंगला यांकीज ५-० पुढे होते. आम्ही फराळाची ताटं घेऊन बसलो आणि पाचवी इनिंग आली. जजने हातात आलेला झेल सोडला. शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाची, फेक चुकली. डॉजर्सच्या मुकी बेट्सचा साधा फटका पहिल्या बेसजवळ अडवला गेला, पण यांकीजचा पिचर गेरिट कोल बेस झाकायला धावलाच नाही. ५-५. चकली हातात तशीच राहिली. फ्लॅहर्टीनंतर डॉजर्सकडून आणखी सात जण आले, आणि नवव्या इनिंगला आला तो ब्यूलर. तोच, एक विजय आणि सहा पराभवांचा, दोन दिवसांपूर्वी पाच इनिंग टाकलेला. तिघांना ओळीने बाद केलं. ७-६. मी लॅपटॉप मिटला. बाबा म्हणाले, "त्याचं दुसऱ्यांदा कापलेलं कोपर आहे ना?" मी हो म्हटलं. "मग बरं झालं." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता.

२०२५ बद्दल थोडंच लिहिते, कारण जखम ताजी आहे. ब्लेक स्नेल २०२४ मध्ये आमचा होता. ३ ऑगस्टच्या पहाटे त्याने आमच्या जर्सीत नो-हिटर टाकला, म्हणजे सामनाभर एकही हिट, फटक्यावर बेस, दिला नाही, तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवलं होतं. नोव्हेंबरमध्ये तो १८.२ कोटी डॉलर घेऊन डॉजर्सकडे गेला. एप्रिलमध्ये खांदा धरून बसला, ग्लासनाऊही बसला, मेमध्ये रोकी सासाकी बसला. तक्ता पुन्हा आखायचा मोह झाला, पण नाही आखला. ऑक्टोबरमध्ये स्नेलने मिलवॉकीविरुद्ध आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला. दुसऱ्या दिवशी यामामोतोने पूर्ण सामना टाकला. मिलवॉकीला चार सामन्यांत मिळून चार धावा. ज्यांची वर्षभर डळमळीत म्हणून मी चेष्टा केली तेच हात.

२ नोव्हेंबर, रविवार. टोरांटोत सातवा सामना. ओतानीने सुरुवात केली आणि तिसऱ्या इनिंगमध्ये टोरांटोच्या बो बिशेटने त्याला तीन धावांचा होम रन मारला. मग ग्लासनाऊ आला, शीहन आला, स्नेल आला. स्टार्टरच बुलपेनचा पहारा करत होते, एकमेकांच्या गळ्यातून वीणा घेत. नवव्या इनिंगमध्ये, बरोबरीत, दोन बेस भरलेले असताना दरवाजा उघडला आणि यामामोतो धावत आला. आदल्या रात्री त्याने ९६ चेंडू टाकले होते. आदल्या रात्री. बमगार्नरला निदान दोन दिवस मिळाले होते.

बाबा खुर्चीतून उठून लॅपटॉपजवळ येऊन उभे राहिले. पहिल्याच फलंदाजाला चेंडू लागला, त्याला फुकट बेस मिळाला, तिन्ही बेस भरले. तिथून तो निसटला. दहावी झाली. अकराव्यात डॉजर्सच्या विल स्मिथने होम रन मारून ५-४ केलं आणि यामामोतो पुन्हा आला, जेमतेम चालत असल्यासारखा. पहिला आणि तिसरा बेस भरलेले, एक बाद. बॅट मोडली, चेंडू बेट्सकडे घरंगळला, डबल प्ले, एकाच चेंडूवर दोघं बाद. पावणेदहा वाजले होते. बाबांचा उजवा हात, जो खांद्याच्या वर जात नाही, तो जितका जातो तितका वर होता.

मी वही उघडली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, आठ बाद, शून्य धावा. अकरा वर्षं बमगार्नरच्या बाजूला मी कुणाला बसू दिलं नव्हतं, आणि बसला तो डॉजर्सचा. त्याच्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

दुपारी बाबा जेवून झोपले. संध्याकाळी नवी मुंबईत आपल्या मुलींची विश्वचषकाची फायनल होती. चार वाजता उठून, तोंड धुऊन, चहाला बाहेर आले.

"आपल्याकडून पहिली ओव्हर कोण टाकणार?"

"रेणुका," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.